शब्दचर्चा : ‘स्टायलाइट’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : पाचव्या शतकात सिरियात संत सिमियन खांबावर राहून तप करत. त्यांना आणि त्यांच्या वाटेने गेलेल्या तपस्व्यांना ‘स्टायलाइट’ म्हणतात. मराठी लेखासाठी ‘स्तंभवासी’, ‘स्तंभी’, ‘स्तंभतपस्वी’ असे पर्याय सुचले आहेत. कोणता घ्यावा? सिमियन लिहावे की शिमोन? आणि मोबाइलवर लिहायच्या ‘स्टायलस’शी या शब्दाचे काही नाते आहे का?

प्रतिसाद १ : स्टायलसशी नाते नाही. ग्रीकमध्ये ‘स्टिलॉस’ म्हणजे खांब. स्टायलस आला लॅटिन ‘स्टिलुस’वरून, म्हणजे टोकदार लेखणी. पुढे ग्रीक खांबाशी गल्लत होऊन लेखणीच्या स्पेलिंगमध्ये ‘वाय’ शिरला आणि दोन्ही शब्द सख्खे वाटू लागले.

नाव शिमोनच लिहा. मराठी बायबलमुळे ‘शिमोन पेत्र’ कानांवर आहेच. मूळ हिब्रूत ‘श’ आहे आणि संतांच्या स्वतःच्या सिरियाक भाषेतही ‘श’ आहे. ग्रीकला तो ध्वनी नाही, म्हणून तिथे ‘स’ झाला. त्यांचा खांब होता त्या जागेचे नाव मात्र अरबी आहे, ते ‘कलात सिमआन’ असेच ठेवावे.

प्रतिसाद २ : ‘स्तंभी’ नको. वर्तमानपत्रात स्तंभ लिहिणारा असा अर्थ आधी डोक्यात येतो. ‘स्तंभवासी’त वास आहे, म्हणजे घर करून राहणे. शिमोन तिथे राहत होते हे खरे, पण त्यांच्या तपाचा गाभा उभे राहण्यात होता. म्हणून ‘स्तंभस्थ’ सुचवतो. ‘स्था’ म्हणजे उभे राहणे; ‘तटस्थ’ म्हणजे मुळात काठावर उभा असलेला.

प्रतिसाद ३ : ‘गृहस्थ’मध्येही तोच ‘स्थ’ आहे आणि तिथे उभे राहण्याचा मागमूस नाही. तेव्हा एकट्या ‘स्थ’वर भार टाकू नका. लेखात पहिल्यांदा ‘खांबावर उभे राहून तप करणारे, म्हणजे स्तंभस्थ’ असे उलगडून लिहावे आणि पुढे नुसते ‘स्तंभस्थ’ वापरावे. एक जोड मात्र सुंदर आहे : आपले ‘थांबणे’ हे ‘स्तंभ’च्याच धातूपासून, प्राकृत ‘थंभ’मार्गे आले आहे. ‘खांब’ वेगळा, तो ‘स्कंभ’वरून.

प्रतिसाद १ : शब्द ठरला, आता मापे सांभाळा, कारण भाषांतरे तिथेच घसरतात. कायरसचे बिशप थिओडोरेट यांनी संत हयात असतानाच त्यांच्याविषयी लिहून ठेवले. त्यांच्या लेखी पहिला खांब ६ हात, मग १२, मग २२ आणि शेवटी ३६ हात. हा ‘हात’ आपलाच : कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, साधारण दीड फूट. म्हणजे ३६ हात म्हणजे जवळपास ५४ फूट. ‘३६ फूट’ लिहिले की खांब एक तृतीयांशाने कापला जातो. सिरियाक चरित्रात शेवटच्या खांबाची उंची ४० हात दिली आहे, त्यामुळे आकडा देताना तो कोणाचा हेही सांगावे. खांबावर चढण्याचे कारण थिओडोरेट देतात : अंगाला आणि कातडी वस्त्राला हात लावून आशीर्वाद घेणाऱ्यांची गर्दी. उंची वाढत गेली ती मात्र, त्यांच्या लेखी, स्वर्गाकडे झेपावण्याच्या ओढीने.

प्रतिसाद २ : शिमोन यांच्या नमनाला ‘साष्टांग’ किंवा ‘दंडवत’ लिहू नका. त्यात अंग जमिनीवर पसरते. शिमोन उभ्याचे वाकत आणि कपाळ पायाच्या बोटांपर्यंत नेत, पुन्हा ताठ होत. थिओडोरेट यांच्याबरोबरच्या एकाने अशी १,२४४ नमने मोजली आणि मग मोजणी सोडली. इतके वाकता कसे येई, याचे उत्तरही तिथेच आहे : आठवड्यातून एकदाच आणि तेही थोडेसे खाणे, त्यामुळे पोट आड येत नसे. ‘कमरेत वाकून नमन’ हे पुरेसे आहे.

खांबाभोवतीच्या कुंपणाला ग्रीकमध्ये ‘मांड्रा’ म्हणतात, मूळ अर्थ मेंढवाडा. संत लहानपणी मेंढरे राखत, म्हणून ‘वाडा’ हा शब्द मला इथे फार जवळचा वाटतो. ‘आवार’ त्यापुढे कोरडा आहे.

प्रतिसाद ३ : भक्तीच्या बाजूचा एक शब्द राहिला, ‘युलोगिया’. शब्दशः आशीर्वाद. प्रत्यक्षात संतांच्या टेकडीवरची माती मळून केलेली लहान चकती, तिच्यावर साचा दाबून खांब आणि त्यावर संतांची आकृती उठवलेली. यात्रेकरू ती घरी नेत, दुखण्यात औषध म्हणून वापरत. ‘अंगारा’ म्हणावे तर ही राख नव्हे. ‘प्रसाद’ भावाने बरोबर, पण वाचकाला खाण्याचा वाटेल. मी ‘प्रसादमुद्रा’ लिहीन.

‘संत’ निर्धास्त लिहा, फक्त तो लॅटिन ‘सांक्तुस’वरून आला असे लिहू नका. आपला ‘संत’ संस्कृत ‘सत्’चा, उच्चाराचे साम्य योगायोगाचे. गोव्यातला ‘सांव’ (सांव जांव, म्हणजे संत जॉन) मात्र पोर्तुगीजमार्गे त्या लॅटिन शब्दाचाच वंशज आहे.

प्रतिसाद १ : सणाची तारीखही नेमकी द्या. निधन ४५९ सालचे. पाश्चात्य परंपरेत ५ जानेवारी, बायझंटाइन, म्हणजे पूर्वेकडच्या ग्रीक चर्चच्या परंपरेत १ सप्टेंबर. आणि ‘थोरले शिमोन’ म्हणा, कारण अँटिओकजवळच्या डोंगरावर सहाव्या शतकात धाकटे शिमोन स्तंभस्थ होऊन गेले.