केवळ सीओआय जनुकावरून महसीरची प्रजाती ठरवता येते का?

कृष्णाकाठची_विद्यार्थिनी:
नमस्कार. पदव्युत्तर प्रबंधासाठी मी कृष्णा खोऱ्यातील एका धरणाच्या जलाशयातील महसीर माशांचा, म्हणजे आपल्याकडच्या खडशीचा, अभ्यास करीत आहे. परांच्या लहान तुकड्यांतून डीएनए वेगळा करून मी सीओआय या, प्रजाती ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मायटोकाँड्रियल जनुकाचा सुमारे 655 बेसचा (डीएनएच्या 'अक्षरांचा') भाग वाचून घेतला आणि तो जीनबँक या डीएनए-क्रमांच्या सार्वजनिक संग्रहातील नोंदींशी ताडून पाहिला. 'टॉर खुद्री' नावाच्या एका नोंदीशी तो 99.5 टक्के जुळतो, तर 'टॉर मुसुल्ला' नावाच्या नोंदीशी 99.2 टक्के. या जलाशयात काही वर्षांपूर्वी बाहेरून आणलेली बोटुकली (माशांची बोटभर पिल्ले) सोडली होती, असे स्थानिक भोई सांगतात. सर्व नमुन्यांचा क्रम एकसारखाच आला आहे. ज्या नोंदीशी साम्य अधिक, तेच नाव प्रबंधात लिहावे का? दोन टक्क्यांपेक्षा कमी फरक म्हणजे एकच प्रजाती, हा नियम येथे लागू होतो का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

सह्यमत्स्य:
आपण दिलेल्या दोन टक्केवाऱ्यांमधील अंतर प्रत्यक्षात अवघ्या दोन बेसचे आहे. 655 पैकी तीन बेस वेगळे असले की साम्य साधारण 99.5 टक्के येते आणि पाच वेगळे असले की 99.2. एवढ्या फरकावर एक नाव स्वीकारून दुसरे नाकारणे योग्य होणार नाही.

माशांच्या मायटोकाँड्रियल जीनोममध्ये, म्हणजे पेशीतील मायटोकाँड्रिया या ऊर्जाघटकांच्या स्वतःच्या डीएनएमध्ये, साधारण साडेसोळा हजार बेस आणि 37 जनुके असतात. पेशीत त्याच्या असंख्य प्रती असल्यामुळे तो जुन्या किंवा खराब झालेल्या नमुन्यांतूनही मिळतो, आणि तो आईकडूनच पिल्लांकडे जात असल्यामुळे त्याची वंशरेषा सरळ मागे नेता येते. वर्गीकरणात त्याचा एवढा वापर होतो, तो या सोयींमुळे. दोन टक्क्यांचा संकेत मात्र निसर्गनियम नाही. 2005 मध्ये ऑस्ट्रेलियातील 207 मत्स्यप्रजातींच्या सीओआयची तुलना प्रसिद्ध झाली. तीत एकाच प्रजातीतील सरासरी फरक 0.39 टक्के आणि एकाच वंशातील निरनिराळ्या प्रजातींमधील सरासरी फरक 9.93 टक्के आढळला. ही दरी पाहून बारकोडवर, म्हणजे सीओआयवरून प्रजाती ओळखण्याच्या पद्धतीवर, विश्वास बसणे स्वाभाविक होते, पण ते मासे प्रामुख्याने समुद्रातील होते आणि हे आकडे सरासरीचे आहेत. उष्ण कटिबंधातील नद्यांत डोंगररांगा आणि धबधबे एकाच प्रजातीचे गट दीर्घकाळ वेगळे ठेवतात आणि त्यांच्यात फरक वाढत जातो, तर काही तळ्यांत नव्या प्रजाती इतक्या झपाट्याने निर्माण होतात की त्यांच्या मायटोकाँड्रियल डीएनएमध्ये फरक साचायला वेळच मिळत नाही.

पूर्व आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवराचे सिक्लिड मासे याचे ठळक उदाहरण आहेत. दात, जबडा, रंग आणि आहार यांत कमालीचे वेगळे असलेल्या 14 प्रजातींच्या मायटोकाँड्रियल डीएनएचे 803 बेस 1990 मध्ये तपासले गेले, तेव्हा त्या सर्वांमध्ये मिळून आढळलेली विविधता मानवजातीतील विविधतेपेक्षाही कमी भरली. तेथे दोन टक्क्यांचा नियम लावला, तर शेकडो प्रजाती एकाच नावाखाली जातील.

जुने_नमुने:
वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण माझ्या मते आपली खरी अडचण आधीच्या टप्प्यावर आहे. जीनबँकेतील नोंदीवरचे नाव ती नोंद जमा करणाऱ्याने दिलेले असते आणि मासा तपासून ते पडताळले जातेच असे नाही. महसीरच्या बाबतीत या नावांचा इतिहास अत्यंत गुंतागुंतीचा आहे.

कर्नल साइक्स यांनी 1839 मध्ये दख्खनच्या माशांचे वर्णन केले, तेव्हा खुद्री ही प्रजाती पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशांवरून मांडली. मुसुल्ला हे नावही त्यांचेच. पुढे कावेरीतील प्रचंड आकाराच्या, कुबड असलेल्या महसीरला अनेक जण टॉर मुसुल्ला म्हणू लागले. साइक्स यांचा मुसुल्ला मुळात टॉर वंशातलाच नसून हिप्सेलोबार्बस वंशातला आहे, असे 2013 मध्ये दाखवण्यात आले. मग कावेरीचा कुबडधारी महसीर कोणता, हा प्रश्न उरला. 2018 मध्ये बाह्यरचना आणि जनुकीय पुरावा एकत्र ठेवल्यावर तो टॉर रेमादेवी असल्याचे स्पष्ट झाले. या प्रजातीचे मूळ वर्णन केरळमधील पांबार या कावेरीच्याच उपनदीतील नमुन्यांवरून झाले होते. त्याच वर्षी आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने तिची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून केली. एवढा मोठा, शतकाहून अधिक काळ गळाने पकडला जाणारा मासा योग्य वैज्ञानिक नावाविना नाहीसा होण्याच्या काठावर पोहोचला, याचे मला आजही अतिशय वाईट वाटते.

म्हणून 'टॉर मुसुल्ला' असे शीर्षक असलेल्या नोंदीला स्वतंत्र प्रजातीचा पुरावा मानू नये. ज्या नोंदीचा नमुना संग्रहालयात जपलेला आहे आणि जिचे स्थळ नेमके दिलेले आहे, अशाच नोंदींशी तुलना करावी. मुळा-मुठा अखेर भीमेतून कृष्णेलाच मिळते, त्यामुळे मूळ वर्णनाच्या खोऱ्यातील नमुने मिळवणे आपल्याला अशक्य नाही. खवल्यांची पार्श्वरेषेवरील (माशाच्या अंगाच्या बाजूने जाणाऱ्या संवेदी रेषेवरील) संख्या, मिशा, ओठ, डोक्याच्या लांबीचे शरीराशी प्रमाण या गोष्टी मोजल्याशिवाय केवळ परांचे तुकडे हाती असतील, तर पुढील संशोधकाला आपली ओळख तपासताच येणार नाही.

जनुकरेषा:
बोटुकली सोडल्याचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लोणावळ्याच्या मत्स्यप्रजनन केंद्रात 1970 च्या दशकापासून महसीरचे कृत्रिम प्रजनन होत आले आहे आणि तेथील खुद्रीची पिल्ले कावेरीसह दूरदूरच्या जलाशयांत सोडली गेली. आपल्या सर्व नमुन्यांचा क्रम एकच येणे हे थोड्याच माद्यांपासून वाढवलेल्या पिल्लांचे लक्षण असू शकते. मात्र सीओआय हळू बदलणारे जनुक असल्याने एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. त्याच मायटोकाँड्रियल डीएनएतील नियंत्रण क्षेत्र (जनुक नसलेला एक भाग) सहसा अधिक वेगाने बदलते, ते वाचून पाहावे.

संकराचा प्रश्न मात्र मायटोकाँड्रियल डीएनएने सुटणार नाही. आई खुद्री आणि बाप दुसऱ्या प्रजातीचा असेल, तर पिल्लाचा सीओआय निखळ खुद्रीचाच दिसेल. व्हिक्टोरियाच्या सिक्लिडांची पूर्वज-प्रजा दोन दूरच्या वंशरेषांच्या संकरातून आली, हे 2017 मध्ये ठामपणे मांडता आले ते केंद्रकीय जीनोममुळे, म्हणजे आई-बाप दोघांकडून येणाऱ्या, पेशीच्या केंद्रकातील डीएनएमुळे. महसीरमध्ये हे काम आणखी किचकट आहे, कारण त्याची गुणसूत्रे 100 आहेत, म्हणजे कार्प कुळातील बहुतेक माशांच्या साधारण दुप्पट. या दुपटीमुळे एका जनुकाच्या दोन जवळजवळ सारख्या प्रती असू शकतात; त्या एकमेकींत मिसळून वाचल्या गेल्या, तर शुद्ध मासाही संकरित भासू शकतो.

कृष्णाकाठची_विद्यार्थिनी:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. केंद्रकीय चाचण्यांचा खर्च प्रबंधाच्या आवाक्याबाहेरचा आहे. अशा वेळी नाव कसे लिहावे?

जुने_नमुने:
मोजमापे खुद्रीशी जुळत असतील, तर शीर्षकात 'टॉर कॉन्फर खुद्री' (म्हणजे खुद्रीशी जुळणारा, पण ओळख पक्की नसलेला) असे लिहावे आणि ही ओळख मातृवंशरेषा व बाह्यरचना यांवर आधारलेली असून संकराची शक्यता तपासलेली नाही, हे पद्धतीच्या प्रकरणातच नोंदवावे. परवानगी घेऊन किमान एक पूर्ण नमुना पुण्यातील भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्रात किंवा मुंबईच्या बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) या संस्थेच्या संग्रहात जमा करावा आणि त्याचा नोंदक्रमांक जीनबँकेतील आपल्या नोंदीत द्यावा. परांचे उरलेले तुकडे अल्कोहोलमध्ये जपून ठेवल्यास केंद्रकीय चाचणी पुढे कोणालाही करता येईल.