बुजऱ्या घोड्याला चाबूक की धीर?

पागेची_लेक:
‘बुजणाऱ्या घोड्याला थोपटत बसू नये, दोन चाबूक ओढले की तो सरळ चालतो,’ असे मुरारकरांनी काल येथे लिहिले, ते वाचून गप्प राहवले नाही. पळून जीव वाचवणाऱ्या या प्राण्याला जवळजवळ चहूकडचे दिसते, मात्र कपाळासमोरचे आणि शेपटीमागचे दिसत नाही. तिकडून कोणी अचानक आले की तो बुजतो. त्याच क्षणी चाबूक बसला, तर भीतीला वेदनाही चिकटते. त्याऐवजी बोलत बोलत खांद्याच्या बाजूने जवळ जावे, ज्या ताडपत्रीला तो भितो ती त्याला उभे राहवेल इतक्या अंतरावर धरावी आणि त्याने मान खाली सोडताच दूर न्यावी. आयाळ संपते तेथे खाजवल्याने घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हे १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोजलेले आहे.

मुरारकर:
ताई, हे पागेत ठीक आहे. माझे आजोबा स्टेशन ते लष्कर टांगा हाकत. भर रस्त्यात घोडा उधळला, तर खाजवायला वेळ कोठून आणणार? त्यांचा घोडा चाबकाच्या धाकानेच सरळ चालला. लाडावलेला घोडा झुडपाझुडपापाशी अडतो, हे मी स्वतः पाहिले आहे.

छावणीवासी:
चाबकाचे राहू द्या, वरातीच्या घोडीच्या तोंडातल्या काटेरी लगामाबद्दल कोणीच का बोलत नाही? मावसभावाच्या वरातीत फटाक्यांनी घोडी बिथरली, घोडीवाल्याने लगाम खेचला आणि तिच्या तोंडातून रक्त आले. ओझ्याच्या जनावरांविषयीच्या १९६५ च्या नियमांनी असा लगाम निषिद्ध आहे.

मुरारकर:
वरात मध्येच कोणी आणली? घोडीवाला लग्नसराईवर वर्ष काढतो. डीजे आणि फटाके तुमच्यासारखे वऱ्हाडी लावतात आणि दोष मात्र त्या गरिबाच्या माथी मारतात!

छावणीवासी:
पोट त्याचे आहे, पण जबडा घोडीचा आहे. फटाके बंद करा, हे मीही त्या दिवशी ओरडून सांगत होतो, ऐकले कोणी?

पागेची_लेक:
दोघांचाही राग एकाच जागी येऊन मिळतो. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी झेनोफन या ग्रीक सेनानीने लिहिले की, बुजलेल्या घोड्याला मारल्यास समोरच्या वस्तूनेच आपल्याला इजा केली असे त्याला वाटते. आणि तो पागेत बसून लिहिणारा नव्हता, रणांगणावरचा स्वार होता. मुरारकर, झुडपापाशी घोडा लाडाने अडत नाही. तो अडलेला असतानाच स्वार त्याला माघारी वळवतो, म्हणून अडणे हीच त्याची सुटका ठरते. एक पाऊल पुढे पडल्यावरच लगाम सैल करायला हवा.

मुरारकर:
काटेरी लगाम वाईट, हे मान्य. लगाम सैल करण्याच्या वेळेचेही एक वेळ मान्य करतो. मात्र उधळलेल्या टांग्यावर बसून पाहिल्याशिवाय माझ्या आजोबांना निर्दय म्हणू नका.

पागेची_लेक:
त्यांना मी तसे म्हटलेले नाही. उधळलेला घोडा कसाही आवरावाच लागतो. माझे म्हणणे त्याला उधळण्याची वेळच येऊ नये म्हणून आधी रोज घ्यायच्या कष्टांबद्दल आहे.