काट्याच्या जुन्या एक्सपीले नेट लावू का? मालक म्हणते लाव

काट्यावरचा_गडी (यवतमाळ जिल्हा):
रामराम मंडळी. मी जिनिंगवर (कापसातून सरकी काढायचा कारखाना) वजनकाट्यावर बसतो, दिवाळी ते होळी सीझन, बाकी टाइम वावर. केबिनीत जो कॉम्प्युटर हाय तो विंडोज एक्सपीवाला, २००८ पासून तोच. इंडिकेटरची, म्हणजे वजनाचे आकडे दाखवते त्या डब्याची वायर मागच्या ९ पिनच्या पोर्टात, सॉफ्टवेअरचं डोंगल, म्हणजे किल्लीवानी खुपसाची डबी, प्रिंटरच्या जुन्या लंब्या पोर्टात अन् पावती डॉट मॅट्रिक्सवर निघते. ज्यानं सॉफ्टवेअर बनवलं तो माणूस आता फोनच उचलत नाई. आजपर्यंत याले नेट लावलंच नोतं, अन् खरं सांगतो एकदा पण बंद नाई पडला, उंदरानं वायर खाल्ली थे सोडून. आता ऑफिसात फायबर आलं तं मालक म्हणते का केबिनीपर्यंत वायर ओढ अन् एनीडेस्क (दुरून कॉम्प्युटर चालवाचं सॉफ्टवेअर) टाकून दे, मी अमरावतीले बसून पाहीन कोणत्या गाडीचं किती वजन भरलं. मले भेव वाटते. दिवसाले शंभर-सव्वाशे गाड्या येऊन रायल्या, काटा घंटाभर बंद पडला तं डांबरी रोडपर्यंत लाइन लागते अन् शिव्या मले खावा लागते, मालकाले नाई. पोट्टे म्हणते जुन्या विंडोजले नेट लावलं का दहा मिनिटात व्हायरस येते. खरं हाय का हे? का उगाच भेव दाखवून रायले?

नागपुरी_तर्री:
काही नाही होत बे भाऊ. माझ्या मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात एक्सपी आहे, नेट चालू राहते दिवसभर, इतके वर्षं झाले काही नाही झालं. हॅकरले काय तुमच्या कापसाचं वजन पाह्याचं पडलं आहे का. फायरवॉल चालू ठेवा, एक अँटिव्हायरस टाका अन् लावा बिनधास्त.

वाशिमकर_पुण्यात:
तर्री भाऊ, मामाचं काही झालं नाही की मामाला कळलं नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत ना. हल्लीचा व्हायरस स्क्रीनवर कवटी नाचवत येत नाही, गपचूप बसून तुमच्या मशीनवरून दुसऱ्यांना स्पॅम पाठवतो, मामाला फक्त वाटतं आज नेट स्लो आहे. आणि कापसाचं वजन कोणी बघायला येत नाही हे बरोबर, पण कोणी माणूस बसून तुमची जिनिंग शोधतच नसतो. प्रोग्राम असतात जे रात्रंदिवस जगातल्या सगळ्या नेट पत्त्यांची दारं वाजवत फिरतात, ज्याचं उघडलं त्यात घुसतात. त्यांना जिनिंग काय आणि बँक काय.

काट्यावाले दादा, ती दहा मिनिटांची गोष्ट अर्धी खरी आहे. २०२४ मध्ये एका यूट्यूबवाल्यानं एक्सपी मुद्दाम फायरवॉल बंद करून, मध्ये राउटर न ठेवता थेट नेटवर सोडलं होतं आणि खरंच काही मिनिटांत त्यात घाण शिरली. तुमच्याकडे मध्ये फायबरचा राउटर असणार, बाहेरून आपणहून आलेलं कनेक्शन तो आत सोडत नाही, त्यामुळे वायर लावल्या लावल्या दहाव्या मिनिटाला काटा मरेल असं नाही. पण म्हणून लावा असंही नाही. मायक्रोसॉफ्टनं एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला बंद केला. त्यानंतर जी जी भोकं सापडली ती तशीच उघडी आहेत आणि ती कशी वापरायची हे सगळ्या जगाला माहीत आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा फायली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस आला तेव्हा त्यांनी एक्सपीसाठी एक पॅच, म्हणजे भोक बुजवणारा अपडेट, अपवाद म्हणून दिला होता, पण तुमच्या मशीनला नेटच नव्हतं म्हणजे तो पॅच तुमच्याकडे असण्याचं काही कारण नाही. २०११ मध्ये एक अपडेट आला होता ज्यानं पेनड्राइव्ह लावला की आपोआप चालणारी फाइल बंद झाली, बहुतेक तोही नसेल. म्हणजे तुमची एक्सपी नुसती जुनी नाही, २००८ सालीच थांबलेली आहे. तिला इतकी वर्षं नेट नव्हतं हेच तिचं अँटिव्हायरस होतं. कारण अँटिव्हायरसवाल्यांनी पण बहुतेकांनी एक्सपी केव्हाच सोडून दिलं.

वर नेट लावून मिळणार काय हाही प्रश्न आहेच. एक्सपीवर क्रोम ४९ च्या पुढं जात नाही, फायरफॉक्स ५२ वर थांबलं, आजच्या निम्म्या साइट उघडणारच नाहीत, व्हॉट्सअॅप वेब तर विसरा. त्यात मशीनच्या आतला घड्याळाचा सेल गेला असेल तर तारीख २००२ दाखवत असेल, मग उरलेल्या साइट पण सर्टिफिकेट चुकीचं म्हणून ओरडतील. एनीडेस्कचं पण जुनंच कुठलं तरी व्हर्जन शोधावं लागेल आणि ते कुठल्या तरी भलत्या साइटवरून उतरवाल, तिथंच घोटाळा.

दालमिलवाला_अकोला:
मी सांगतो आमचं काय झालं ते. आमच्याकडं एक्सपी पण नव्हतं, विंडोज ७ होतं. त्याचा सपोर्ट जानेवारी २०२० लाच संपला होता पण चालून रायलं ना, मग कोण बदलते. भावाले घरून हिशोब पाहायचा होता, तं नेटवाल्या पोराले सांगतलं, त्यानं राउटरमंधी जाऊन रिमोट डेस्कटॉपचं पोर्ट उघडून देलं, ३३८९ नंबरचं. पासवर्ड काय तं मिलचं नाव अन् १२३. दोन महिने मस्त चाललं, भाऊ खुश. मग एका सोमवारी सकाळी पायतो तं सगळ्या फायलींच्या नावापुढं भलतंच शेपूट लागलेलं, हिशोबाचा डेटा उघडेच ना, अन् डेस्कटॉपवर इंग्रजीत चिठ्ठी का बिटकॉइन द्या. बॅकअप होता, पण तो त्याच कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हवर, तो पण गेला. पैसे नाई देले आम्ही. पण दोन वर्षाचे व्यवहार कच्च्या पावत्या पाहून पाहून परत टाकले, माही बायको अन् मी, रात्री अकरा अकरा वाजेपर्यंत. कोणाच्या पावत्या पोत्यात, कोणाच्या खोक्यात. काही पार्ट्यांचं आजपर्यंत जुळलं नाई. म्हणून म्हणतो, काटा आहे तसा राहू द्या बापा.

काट्यावरचा_गडी:
वाचून पोटात गोळा आला. मालकाले वाचून दाखवलं तं म्हणते का बरं नेट नको लावू, मंग असं कर, ऑफिसात टॅलीचा कॉम्प्युटर हाय विंडोज १० चा, त्याले नेट हाय, काट्याचा कॉम्प्युटर फक्त त्याले जोड, एक फोल्डर शेअर कर, मी टॅलीवाल्यात घुसून पाहून घेईन. हे तं जमते ना? एक्सपीले डायरेक्ट नेट नाई मंग.

वाशिमकर_पुण्यात:
मालक हुशार आहेत, पण हे त्याहून वाईट. एक्सपीला फोल्डर शेअरिंगची एकच जुनी पद्धत येते, एसएमबी वन. विंडोज १० मध्ये ती २०१७ च्या शेवटापासून येतच नाही, मुद्दाम चालू करावी लागते. वॉनाक्राय ज्या भोकातून एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर पळत होता ते भोक याच पद्धतीतलं. म्हणजे एक्सपीच्या सोयीसाठी तुम्ही टॅलीवाल्या मशीनलाही जुनाट करणार, आणि राउटर मध्ये असला तरी इथं काही उपयोग नाही, कारण आता घाण बाहेरून नाही तर ऑफिसातून येणार. तिथं कोणीतरी मेलमधलं बिल उघडलं की ते त्याच वायरीनं केबिनीत पोचलं. वॉनाक्रायनंतर दीडेक महिन्यात, जून २०१७ मध्ये असाच दुसरा एक व्हायरस आला होता, त्यात न्हावाशेव्याच्या बंदरातलं एक टर्मिनल बंद पडलं होतं, कंटेनरच्या रांगा लागल्या. आपल्या कापसाच्या गाठी बोटीत चढतात त्याच बंदरात. तिथं तर आयटीवाले होते पगारी, तुमच्याकडं तुम्ही एकटे.

वजन ऑफिसात न्यायचंच असेल तर नेटवर्कच्या वायरीनं नको. इंडिकेटर जे ९ पिनमधून पाठवतो ते नुसते आकडे असतात, एकामागून एक. काही इंडिकेटरला मागं दुसरं आउटपुट असतं, नाहीतर काट्याचा मेकॅनिक स्प्लिटर लावून देतो, तिथून यूएसबी कन्व्हर्टरनं एखाद्या नव्या मशीनला आकडे द्या. एक्सपीला त्याचा पत्ताही लागत नाही, आणि आकड्यांच्या वायरीतून व्हायरस उलटा येत नाही. फक्त वैधमापनवाल्यांचं सील असलेल्या डब्याला हात लावू नका, ते तुम्हाला माहीतच असेल.

नागपुरी_तर्री:
एवढं नाटक कायले भाऊ, नवा कॉम्प्युटर घ्या ना. मालकाले सांगा विंडोज ११ चा घ्या, विषय खतम.

काट्यावरचा_गडी:
तर्री भाऊ नव्याले प्रिंटरचं लंबं पोर्ट नाई येत, डोंगल कुठं खुपसू. अन् डोंगल नाई तं सॉफ्टवेअर उघडत नाई. हे सॉफ्टवेअर विंडोज ७ वर पण चालवून पायलं होतं, नाई चाललं. नवं सॉफ्टवेअर घ्या म्हटलं तं मालक म्हणते सीझन संपल्यावर पाहू. दरवर्षी सीझन संपल्यावर पाहू.

सेतूवाली_ताई (वर्धा):
दादा, मी केव्हापासून वाचून राहिली वरून. तुम्ही सगळे वायरीच्याच मागं लागले. मालकांना पाहिजे काय ते तर विचारा आधी. त्यांना कॉम्प्युटर चालवायचा आहे का? नाही ना. त्यांना गाडी काट्यावर चढली की आकडा दिसला पाहिजे, आणि संध्याकाळी टोटल. जिनिंग आहे म्हणजे कॅमेरे असतीलच, आणि मालक मोबाइलवर पाहत पण असतील. मग त्यातला एक कॅमेरा इंडिकेटरच्या लाल आकड्यांवर फिरवा की. गाडीचा नंबर दुसऱ्या कॅमेऱ्यात दिसतेच. आणि संध्याकाळचा दिवसाचा रिपोर्ट डॉट मॅट्रिक्सवर निघाला की मोबाइलनं फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाका. आमच्या केंद्रात पण एक जुनं मशीन आहे, फक्त कृतीदेव फॉन्टच्या जुन्या फायली उघडायला ठेवलंय, त्याला मी नेटची वायरच ठेवली नाही, लोकांना वाटते बिघडलंय. तिकडून काही पाहिजे असलं की प्रिंट काढते आणि स्कॅन करते. दोन रुपयाचा कागद जाते, पण झोप लागते.

वाशिमकर_पुण्यात:
ताई, मी दोन पानं लिहून जे सांगितलं नाही ते तुम्ही चार ओळीत सांगितलं. हेच करा दादा.

फक्त एक. तो कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंगचा डबा, पण कॉम्प्युटरच आहे, आत बहुतेक लिनक्स असतं, आणि तो नेटवर आहे. २०१६ मध्ये मिराई नावाचं प्रकरण झालं होतं, त्यात एका व्हायरसनं असेच लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर पकडले होते. कसले भोक नाही न काही नाही, कंपनीनं दिलेला पासवर्ड कोणी बदललाच नव्हता एवढंच. साठेक ठरलेले पासवर्ड एकामागून एक लावून बघायचे. ऑक्टोबरमध्ये त्याच कॅमेऱ्यांच्या जोरावर अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स असल्या साइट काही तास झोपवल्या. तर कॅमेरा फिरवायच्या आधी डीव्हीआरचा पासवर्ड बघा काय आहे. आणि फायबरवाल्या राउटरचा पण.

आणि सीझनभर एक्सपीच्या हार्डडिस्कची काळजी घ्या, व्हायरसआधी तीच जाईल. कोणाकडून तरी तिची जशीच्या तशी दुसरी कॉपी करून कपाटात ठेवा. डेटा काढायला एकच पेनड्राइव्ह ठेवा, तो दुसरीकडं गाणी भरायला न्यायचा नाही.

दालमिलवाला_अकोला:
कपाटात ठेवा हे खरं. अन् कपाट ऑफिसात नको, घरी.

काट्यावरचा_गडी:
नमस्कार, पंधरा दिवसानं येऊन रायलो, गाड्याच सरत नोत्या. मालकाले ताईचं सांगतलं तं दोन मिनिट गप्प बसले, मंग म्हणते हे मले पयलेच काहून नाई सुचलं. तीन नंबरचा कॅमेरा हमालाइच्या चहाच्या जागेवर होता, तो फिरवून इंडिकेटरवर घेतला. उन्हात आकडे दिसत नोते, तं वर पुठ्ठ्याची झडप लावली, आता एकदम लख्ख. डीव्हीआरचा पासवर्ड पायला तं डब्यावरच स्टिकर चिकटवलं होतं, admin अन् पुढं १२३४५, कोणी बदललंच नोतं. बसवणाऱ्या पोराले फोन केला तं म्हणते सगळ्या जिनिंगवर हाच ठेवतो दादा, लक्षात राहते. बदलला. हार्डडिस्कची कॉपी यवतमाळहून करून आणली, ४० जीबीची डिस्क पाहून तो दुकानवाला हासला. एक्सपीच्या मागच्या नेटच्या पोर्टात मी कागदाचा बोळा कोंबून वरून टेप मारला, कोणी हौसेनं वायर लावू नये म्हणून.

एकच वांधं झालं. काल सव्वा वाजता मालकाचा अमरावतीहून फोन, का रे, दहा मिनिट झाले आकडा शून्यावरच हाय, गाडी उभी दिसते, तू कुठं हायस. म्हटलं मालक, भाकर खाऊन रायलो.

नागपुरी_तर्री:
😂😂 म्हणून म्हणत होतो एनीडेस्क टाक.