पालकसभेला न येणारी घरे: मुख्याध्यापकाने काय करावे?

प्रश्न (मुख्याध्यापक, जिल्हा परिषद शाळा, दापोली तालुका):
आमच्या शाळेत खलाशांची, मासळी विकणाऱ्या स्त्रियांची, हापूसच्या बागा राखणाऱ्या नेपाळी कुटुंबांची आणि गावातल्या नोकरदारांचीही मुले आहेत. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक आणि निम्म्या स्त्रिया आहेत, परंतु सभेत बोलतात ती ठरावीक तीन-चार घरेच. सर्वांना एकच सूचना आणि एकच वेळ देऊनही काही घरे बाहेरच राहतात. नव्या निधीची वाट न पाहता मला काय बदलता येईल?

उत्तर (पालक, हर्णै परिसर):
सर, सकाळी अकराची सभा ज्यांना सोयीची आहे, त्यांनाच ती सर्वांची वाटते. त्या वेळी आम्ही बायका बाजारात असतो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि पुरुष घरी असतात, म्हणून मुख्य सभा शाळा उघडताच संध्याकाळी घ्यावी. मात्र त्याच दोन महिन्यांत घरात पैसा नसतो, तेव्हा सहलीची किंवा स्नेहसंमेलनाची वर्गणी त्या सभेत मागू नये. ती मागितली की पुढच्या सभेला माणसे येत नाहीत.

उत्तर (निवृत्त केंद्रप्रमुख, रायगड):
वेळेइतकीच अडवणूक कागदांमुळे होते. आमच्याकडे कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि परतल्यावर मुलाला शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी हेलपाटे घालावे लागतात. वास्तविक 2009 च्या याच शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 5 नुसार दाखला मिळण्यास उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही, कलम 14 नुसार वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही, आणि कलम 4 नुसार मूल वयानुरूप वर्गात बसवून त्याला विशेष प्रशिक्षण द्यावयाचे असते. आपल्या शाळांत लेखनिक नसतोच, त्यामुळे हे सारे मुख्याध्यापकाच्याच टेबलावर अडते किंवा सुटते. स्थलांतराला निघालेल्या कुटुंबाच्या हाती शिक्षण हमी पत्रक, म्हणजे जातील तिथल्या शाळेत मुलाचे शिक्षण चालू राहावे म्हणून द्यायचे कार्ड, आधीच द्यावे. समितीतही वंचित व दुर्बल घटकांच्या पालकांना प्रमाणशीर जागा देणे कलम 21 प्रमाणे बंधनकारक आहे. निवडीच्या दिवशी हे वाचून दाखवावे, नाहीतर नेहमीचीच नावे सुचवली जातात.

उत्तर (शिक्षिका, देवगड):
जूनच्या सभेबाबत माझी एक हरकत आहे. आंब्याचा हंगाम संपला की बागेतले बरेच गुरखे गावी जातात, म्हणजे ती सभा त्यांच्यासाठी निरुपयोगीच. ते परतल्यावर एक बैठक बागेतच घ्यावी, बागायतदारालाही आधी कळवावे. त्याच्या परवानगीवाचून माणूस राखण सोडून येत नाही. भाषेसाठी मात्र त्यांच्याच मुलाला दुभाषा करू नये, कारण स्वतःच्या प्रगतीविषयीचे शिक्षकांचे म्हणणे तो आईबापांना जसेच्या तसे सांगेलच असे नाही. जुन्या, मराठी समजणाऱ्या एखाद्या गुरख्याला बोलवावे.

मुख्याध्यापक:
दोन सभा मान्य. बागायतदारांशी या आठवड्यात बोलतो आणि वर्गणीचा विषय जानेवारीवर ढकलतो.