मदत हवी आहे : मंगळाच्या बाजूने बोलायचंय, मुद्दे सुचवा

नमस्कार मंडळी. माझी भाची नववीत आहे, इथे सोलापुरातच. शाळेत वादविवाद आहे आणि तिच्या वाट्याला ‘मंगळावर वस्ती करणं गरजेचं आहे’ ही बाजू आलीय. माझं स्वतःचं मत नेमकं उलट, त्यामुळे मदत करायला बसले की मीच तिचे मुद्दे खोडते!

‘उद्या लघुग्रह आदळला तर?’ असं ती म्हणाली. मी म्हटलं, 2022 मध्ये नासाच्या डार्ट यानाने धडक मारून डिमॉर्फोस या छोट्या लघुग्रहाची कक्षा बदलली, म्हणजे घर सोडण्यापेक्षा दगड वळवणं सोपं. मग हवा. मंगळावरची हवा 95 टक्के कार्बन डायऑक्साइड, दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी. तिथे फिरणाऱ्या पर्सिव्हरन्स रोव्हरवरच्या मॉक्सी यंत्राने 2021 ते 2023 मध्ये एकूण 122 ग्रॅम ऑक्सिजन बनवला. एका माणसाला दिवसाला साधारण 800 ग्रॅम लागतो. शिवाय मातीत परक्लोरेट नावाचे विषारी क्षार, म्हणजे आपली ज्वारीही तशीच पेरता यायची नाही.

एकच मुद्दा मला पटला. अंतराळ स्थानकात मूत्र आणि घामासकट 98 टक्के पाणी परत वापरता येतं, हे 2023 मध्ये दाखवलं गेलं. उजनी धरणाकडे डोळे लावून बसणाऱ्या गावात हा मुद्दा टाळ्या घेईल. पण परीक्षक विचारणारच, ‘त्यासाठी मंगळावर कशाला जायचं?’ याला उत्तर काय द्यावं? आणि किरणोत्सर्गापासून बचावाचं कुणी सोप्या मराठीत समजावेल का? स्पर्धा शनिवारी आहे.