मदत हवी आहे: अंध, कर्णबधिर आणि व्हीलचेअरवरच्या प्रेक्षकांसाठी नाटकाचा प्रयोग (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

आमची कोल्हापुरातली हौशी नाट्यसंस्था आहे. दिवसभर ज्याचा त्याचा नोकरीधंदा, रात्री जेवणं उरकली की तालीम. सध्या दोन अंकी कौटुंबिक नाटक बसवतोय. त्याचा निदान एक प्रयोग असा करायचाय की अंध, कर्णबधिर आणि व्हीलचेअर वापरणारे प्रेक्षक इतरांसारखं तिकीट काढून येतील आणि अख्खं नाटक बघून घरी जातील. वेगळा मोफत खेळ, शाल-श्रीफळ, भाषणं, फोटो हे आम्हाला नकोय. थोरल्या भावाची भूमिका करणारा आमचा नट स्वतः व्हीलचेअर वापरतो. संहितेत त्या पात्राच्या पायांबद्दल एक अक्षर नाही, आणि ते तसंच राहणार आहे.

सगळ्यात जास्त अडलोय ते अंध प्रेक्षकांपाशी. पहिल्या अंकाच्या शेवटी धाकटा भाऊ जमिनीच्या खरेदीखताचा कागद आणून देतो. थोरला तो वाचतो, घडी घालतो आणि आईच्या पोळपाटाखाली सरकवतो. एक शब्द नाही, फक्त पोळपाट फरशीवर घासल्याचा आवाज. लगेच पडदा. आमचे एक अंध मित्र तालमीला बसले होते. त्यांनी तो आवाज ऐकला आणि आई पोळ्या लाटायला बसली असं त्यांना वाटलं. अख्ख्या दुसऱ्या अंकाचं भांडण त्या कागदावर उभं आहे. म्हणजे मध्यंतरानंतर ते वेगळंच नाटक ऐकत होते.

अशा जागी कानात हळूच वर्णन सांगण्याची पद्धत आहे, हे माहीत आहे. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या अरीना स्टेजवर १९८१ मध्ये ती सुरू झाली. आमच्याकडे ती बसवायची कशी? वर्णन आधी रेकॉर्ड करता येत नाही, कारण हौशी नटांचे पॉज दर प्रयोगाला कमीजास्त होतात आणि पदरची वाक्यं पडतात ती वेगळीच. सांगायला आमच्या प्रॉम्प्टर ताई तयार आहेत. त्यांना नाटक श्वासासकट पाठ आहे. पण किती सांगायचं? 'कागद पोळपाटाखाली सरकवतो' एवढंच, की 'कुणाचं लक्ष नाही बघून सरकवतो'? दुसऱ्या वाक्यात आपण त्याच्या मनातलंही सांगतोय, असं मला वाटतं. आणि ताईंनी बसायचं कुठं? विंगेतून अर्धा रंगमंच दिसत नाही, प्रेक्षकांत बसल्या तर शेजाऱ्यांना त्रास.

दुसरी अडचण रंगमंचावर चढायची. केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत गेलं, तेव्हापासून मिळेल त्या सभागृहात प्रयोग चाललेत. एका ठिकाणी प्रेक्षागृहात जायला उतार आहे, पण रंगमंचावर जायला विंगेतल्या अरुंद पायऱ्याच. व्यवस्थापक सहज म्हणाले, "चौघांनी उचलून ठेवायचं की." नटाने तिथंच सांगितलं, "मला उचलून न्यायचं नाही." त्याचं बरोबर आहे. खुर्चीसकट माणूस उचलताना एकाचा पाय घसरला तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको. आणि दर प्रयोगाला सामानासारखं चढवून घेऊन कुठला नट मन लावून काम करेल?

कर्णबधिरांसाठी बाजूला पडद्यावर संवाद दाखवायचा विचार आहे. तेवढं पुरेल का?

अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा. खर्चाचा अंदाज दिलात तर आणखी बरं.

प्रतिसाद: विंगेतून

फार चांगलं काम हातात घेतलंय तुम्ही. वर्णनाचं सांगतो, मी दोन नाटकांना केलंय.

तुमचा अंदाज बरोबर आहे. दिसतं तेवढं सांगायचं, अर्थ प्रेक्षक लावतात. पण 'दाराकडे बघतो आणि कागद पोळपाटाखाली सरकवतो' हे दिसणारंच आहे, ते जरूर सांगा. चोरटेपणा त्यातून आपोआप कळतो. संवादावर बोलायचं नाही, दोन वाक्यांमधल्या फटीत बसेल तेवढंच. आणि पोळपाटाचा आवाज यायच्या आधी वाक्य संपलं पाहिजे. आवाज आल्यावर सांगितलं तर तो क्षण गेला. ताईंना रंगीत तालमीत डोळे मिटून बसणाऱ्या कुणाच्या तरी कानात सांगायला लावा. कुठं जास्त होतंय ते लगेच कळेल. तुमचे अंध मित्र आले तर उत्तमच, तेच खरे परीक्षक.

यंत्रणेसाठी कारखाने आणि संग्रहालयं दाखवताना गाइड वापरतात तो वायरलेस संच बघा. एक माइक, अनेक रिसीव्हर. भाड्यानेही मिळतो. इअरफोन एकाच कानाचा द्या, दुसरा कान रंगमंचासाठी मोकळा हवा. ताईंना मागं ध्वनी-प्रकाशाच्या केबिनमध्ये काच लावून बसवा. काच नसेल तर विंगेत बसवून समोरच्या कॅमेऱ्याचं चित्र लॅपटॉपवर द्या. कॅमेरा वायरने जोडा, मोबाइलवरून पाठवलेलं चित्र मागं पडतं.

एक गोष्ट बिनखर्चाची आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची. प्रयोगाआधी तासभर अंध प्रेक्षकांना रंगमंचावर बोलवा. चौकट, खुर्ची, पोळपाट, आईच्या लुगड्याचा काठ हाताला लागू दे. प्रत्येक नटाने भूमिकेच्या आवाजात एक वाक्य बोलावं. मग पुढं आवाजावरून माणूस ओळखायला वेळ जात नाही.

अंध माणसं रंगमंचावरही येऊ शकतात, हे विसरू नका. स्वागत थोरात यांनी अंध कलाकारांना घेऊन 'अपूर्व मेघदूत' बसवलं होतं.

प्रतिसाद: शिडीवाला

रॅम्पचं गणित आधी करा. उतार १:१२ पेक्षा तीव्र नको, म्हणजे एक फूट चढायला निदान बारा फूट लांबी. रंगमंच साडेतीन फूट उंच असेल तर रॅम्प बेचाळीस फूट लांब होतो, मध्ये विसाव्याची सपाट जागा धरून आणखी जास्त. विंगेत तो मावणार नाही. नेपथ्याचं सामान चढवायचा मागचा दरवाजा बघा. बाहेरची जमीन तिथं उंच असेल तर उरलेल्या उंचीपुरता छोटा रॅम्प पुरतो. तेही जमत नसेल तर रंगमंच सोडा. सभागृहाच्या सपाट जमिनीवर तीन बाजूंना प्रेक्षक बसवून करा. घरगुती नाटक जवळून जास्त रंगतं, आणि तुमचा थोरला भाऊ बाकीच्यांबरोबर एकाच पातळीवर येतो.

प्रेक्षकांत एका व्हीलचेअरला साधारण तीन बाय चार फूट जागा मोकळी सोडा. पहिल्या रांगेच्या पुढं किंवा येण्याजाण्याच्या वाटेत नको, शेजारी सोबत्याची खुर्ची मावेल अशी हवी. स्वच्छतागृहाचा दरवाजा टेप घेऊन मोजा. तिथं खुर्ची शिरत नाही म्हणून मध्यंतरात घरी गेलेले प्रेक्षक मी बघितलेत.

संवादाच्या पट्ट्या एका वेळी दोन ओळींच्या ठेवा, आणि विनोद नटाच्या तोंडून पडायच्या आधी पडद्यावर येऊ देऊ नका. पण अनेक कर्णबधिरांची पहिली भाषा खुणांची असते, भराभर मराठी वाचणं त्यांना जड जातं. सांकेतिक भाषेचे दुभाषे हवेतच, दोन तासांना दोघे, आलटून पालटून. त्यांच्यावर स्वतंत्र लाइट ठेवा आणि ब्लॅकआउटमध्ये तो बंद करू नका.

आणि केशवरावची पुनर्बांधणी हा विषय आत्ताच धरा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये कला दिव्यांगांना सुगम करण्याचा उल्लेख आहे. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष नुसते शिफारशीवजा ठेवता येणार नाहीत, सक्तीचे करा, असं केंद्राला सांगितलंय. सगळ्या नाट्यसंस्थांनी मिळून अर्ज द्या आणि त्यात 'प्रेक्षागृह' एवढंच न लिहिता रंगमंच, मेकअप रूम आणि तिथलं स्वच्छतागृहही लिहा. कलाकारही व्हीलचेअरवर असतो, हे नकाशा काढणाऱ्याच्या मनात सहसा येत नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. जमिनीवर करायची कल्पना रात्री तालमीत मांडली. थोरल्या भावाने आधी नकार दिला, "मला रंगमंचच पाहिजे." मग ठरलं की पहिला प्रयोग जमिनीवर, आणि रंगमंचासाठीचा अर्ज तो स्वतः लिहिणार. मसुदा इथं टाकतो, दुरुस्त्या सुचवा. ताईंनी पोळपाटाचं वाक्य पाच शब्दांत बसवलंय: 'दाराकडे बघत कागद पोळपाटाखाली सरकवतो.'

आता दुभाष्यांचंच राहिलंय. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी भागात नाटक किंवा कीर्तनाला सांकेतिक भाषेत दुभाष्याचं काम केलेलं कुणी ओळखीचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मानधन देणार आहोत, आणि तालमींना निदान आठवडाभर आधीपासून यावं लागेल.