मदत हवी आहे: ७४ वर्षांच्या बाबांना घेऊन कान्हा, खजुराहो, ओरछा. जानेवारी की फेब्रुवारी?

नमस्कार मंडळी,

येत्या हिवाळ्यात आई-बाबांना घेऊन दहा दिवस मध्य प्रदेशात जायचं ठरवतेय. थोडं जंगल, थोडी जुनी देवळं आणि राजवाडे. इथे कान्ह्याला अनेकदा जाऊन आलेली माणसं आहेत, म्हणून सविस्तर लिहिते. वाचायचा कंटाळा करू नका.

बाबा भुसावळला आरएमएसमध्ये सॉर्टर होते. आरएमएस म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिस. रात्रीच्या गाडीला टपालाचा डबा जोडलेला असायचा आणि चालत्या गाडीत उभं राहून गावागावाची पत्रं ज्याच्या त्याच्या खणात टाकायची. इटारसी, पिपरिया, नरसिंहपूर, जबलपूर, कटनी, मंडला ही नावं आमच्या घरात नातेवाइकांच्या नावांसारखी घेतली जायची. मंडल्याचा खण कुठल्या रांगेत होता हे बाबा आजही हात वर करून दाखवतात. मंडला मात्र त्यांनी कधी पाहिलं नाही. जबलपूरचंही स्टेशन आणि रेस्ट हाउस एवढंच माहीत.

गेल्या महिन्यात माळा आवरताना त्यांचा तिकिटांचा अल्बम सापडला. १९७६ साली टपाल खात्याने वन्यप्राण्यांची चार तिकिटं काढली होती: सिंह, बिबट्या, कॅराकल आणि बारशिंगा. बारशिंग्याचं २५ पैशांचं. साध्या पत्राला तेव्हा तेवढंच तिकीट लागायचं, त्यामुळे तो बारशिंगा बाबांच्या हाताखालून किती वेळा गेला असेल याची मोजदाद नाही. अल्बममधलं तिकीट मात्र कोरं आहे. एका कोपऱ्याचे दोन दात तुटलेत आणि कागद चहाच्या रंगाचा झालाय. त्यावर बोट ठेवून बाबा म्हणाले, "हा प्राणी एकदा खरा बघायला हवा होता." हवा होता! जणू वेळ निघूनच गेली. तिथेच मी ठरवलं की जायचं.

आता अडचणी. बाबांच्या मणक्याचं ऑपरेशन होऊन चौदा महिने झाले. चालतात, जिने हळूहळू चढतात, पण सलग तासभर धक्के सोसतील का, याची मला धास्ती आहे. डॉक्टरांनी पट्टा बांधून जायला परवानगी दिली आहे. आई ६८ची, ठणठणीत. तिला ओरछ्याचा रामराजा बघायचाय. मला स्वतःला खजुराहोची ओढ आहे.

एका टूरवाल्याने सात दिवसांत पेंच, कान्हा, बांधवगड आणि खजुराहो असा कार्यक्रम दिला. रोज पाच-सहा तास गाडीत आणि पहाटे चारला उठायचं. हे मला पटत नाही. एकाच जंगलात तीन-चार फेऱ्या कराव्यात, रस्ते ओळखीचे व्हावेत, असं माझं मत आहे. शिवाय टूरवाल्यांबद्दल मनात अढी बसली आहे. दोन वर्षांपूर्वी ताडोब्याला जाताना एकाने कोअरचे, म्हणजे जंगलाच्या गाभ्याचे परवाने म्हणून पैसे घेतले आणि गेटवर पोचल्यावर हातात बफरचे, म्हणजे बाहेरच्या पट्ट्याचे ठेवले. बफरही सुंदरच होतं, पण आईच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी विसरलेले नाही. या वेळी परवाने मीच काढणार.

माझा कच्चा बेत असा: भुसावळहून रेल्वेने जबलपूर, एक दिवस भेडाघाट. मग कान्ह्यात तीन मुक्काम, तिथून बांधवगड दोन, खजुराहो दोन, ओरछा एक, आणि झाशीहून गाडीने परत. बांधवगड ठेवावं की गाळावं? कान्ह्यात खटिया गेटच्या बाजूला राहावं की मुक्कीच्या? बारशिंगा नक्की कुठे दिसतो? जानेवारीची थंडी बाबांना झेपेल का? आणि मणक्याचं दुखणं असलेल्या कुणाला जिप्सीतून, म्हणजे सफारीच्या उघड्या गाडीतून नेलं असेल, तर तो अनुभव सगळ्यात आधी लिहा.

गोंदियाकर:

ताई, आधी बारशिंग्याचं सांगतो. तुमच्या बाबांनी अगदी योग्य जनावर निवडलंय. कान्ह्यातला बारशिंगा कडक जमिनीवर राहणारा, त्याचे खूर उत्तर प्रदेशातल्या दुधव्याच्या दलदलीतल्या भावंडांसारखे पसरट नसतात. १९७०च्या सुमारास तो फक्त ६६ उरला होता. खातो जवळजवळ फक्त गवत, आणि गवताची मैदानंच हातची गेली होती. मग मोठं कुंपण घालून काहींना वाघापासून दूर वाढवलं, मैदानांतली गावं बाहेर वसवली, गवत परत आलं. आज तो हजाराच्या आसपास आहे आणि सातपुड्याच्या जंगलातही नेऊन सोडलाय. तुमच्या बाबांचं तिकीट निघालं तेव्हा तो नुकताच मरणाच्या दारातून मागे फिरला होता, हे त्यांना जरूर सांगा.

दिसायला कान्हा झोनची मैदानं चांगली, आणि मुक्की झोनमधलं सौंफचं मैदान तर फारच चांगलं. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत त्यांचा माजाचा काळ. नर शिंगांवर गवताचे झुपकेच्या झुपके अडकवून फिरतात आणि सकाळी धुक्यातून त्यांची हाक येते. तो आवाज मी एकदा ऐकलाय. अंगावर काटा आला होता.

पण या काळात पहाटे दवाचं बर्फ होतं. उघड्या जिप्सीत वारा हाडांत शिरतो. मणक्याच्या माणसाला मी तेव्हा नेणार नाही. जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीचा पहिला आठवडा धरा. शिंगं तेव्हाही डोक्यावर असतात. सकाळच्या फेरीला गाडीत घोंगडी देतात, तरी गरम पाण्याची पिशवी आपली घ्या. एक कमरेमागे, एक मांडीवर.

माझा सल्ला मुक्कीचा. विदर्भ एक्सप्रेसने गोंदियाला उतरा, बालाघाट-बैहरवरून गाडीने या. जबलपूरचा फेरा वाचेल.

अरण्यवाट:

जिप्सीचा अनुभव विचारलात म्हणून लिहिते. सासऱ्यांना नेलं होतं, त्यांच्या कमरेत स्क्रू आहेत. सगळ्यात मागची सीट अजिबात नको, ती चाकावर येते आणि प्रत्येक खड्डा थेट पाठीत बसतो. मधल्या रांगेत बसवा, खाली जाड उशी. चढताना खरी पंचाईत होते, पायरी फार उंच असते. आम्ही घरून प्लास्टिकचं छोटं स्टूल नेलं होतं. मोरीतलं असतं ना, तसंच. चालकाला पहिल्याच दिवशी सांगा, "वाघाचा कॉल (वाघ जवळ असल्याची इतर प्राण्यांची हाक) आला तरी पळवायची नाही." आमच्या चालकाने ऐकलं आणि त्या सावकाश चालण्यामुळेच आम्हाला रानकुत्री दिसली.

सिंगल सीट घेऊ नका, पूर्ण गाडी घ्या. सहा जणांची असते. तुम्ही तिघंच असलात तर पैसे जास्त वाटतील, पण कुठे थांबायचं आणि कधी मागे फिरायचं हे तुमच्या हातात राहतं. परवाना वन विभागाच्या संकेतस्थळावर साधारण चार महिने आधी खुला होतो आणि झोनप्रमाणे असतो, तेव्हा झोनचं नाव दोनदा तपासा. जे ओळखपत्र भराल तेच सोबत हवं. जिप्सी आणि गाइडचे पैसे वेगळे द्यावे लागतात. आणि बुधवारी दुपारची फेरी बंद असते. कान्ह्यातल्या तीन मुक्कामांत बुधवार येणार असेल तर तारखा सरकवा.

बांधवगड गाळा. वाघ तिथे लवकर दिसतो हे खरं, पण तुम्ही वाघाच्या मागे नाही आहात. त्याऐवजी पन्ना घ्या, मडला गेट खजुराहोहून जेमतेम २५ किलोमीटर आहे. सामान हलवायला नको, सकाळी जंगल आणि दुपारी देवळं. २००९ साली पन्न्यात एकही वाघ उरला नव्हता. कान्हा-बांधवगडातून वाघिणी आणल्या आणि पेंचहून एक नर, टी-३. तो सोडल्यावर थेट पेंचच्या, म्हणजे आपल्या घराच्या दिशेने चालू लागला. वन विभागाची माणसं जवळजवळ महिनाभर त्याच्या मागे होती. बेशुद्ध करून परत आणला, आणि पुढच्या एप्रिलमध्ये पहिली पिल्लं झाली. केन नदीच्या काठावर गाइडला ही गोष्ट सांगायला लावा.

बेतवाकाठ:

खजुराहोला देवळांचा पश्चिम समूह सकाळी बघा. देवळं पूर्वाभिमुख आहेत, ऊन दर्शनी भागावर पडतं. कंदारिया महादेवाच्या पायऱ्या खड्या आहेत, बाबांना वर नाही जमलं तरी हळहळू नका. लक्ष्मण मंदिराच्या जोत्याभोवती हत्ती, घोडे, सैनिक यांची लांबच लांब मिरवणूक कोरली आहे, ती खाली उभं राहून बघता येते. कुंपणाबाहेरच्या मतंगेश्वराची पूजा आजही चालते. आईंना तिथे न्या.

खजुराहोहून ओरछ्याला जाताना छतरपूरच्या पुढे धुबेल्याला थांबा. महाराजा छत्रसालांच्या नावाचं संग्रहालय आहे, जवळच तळ्याकाठी मस्तानी महाल. १७२९ साली मोगल सरदार बंगशाच्या वेढ्यातून बाजीरावाने छत्रसालांना सोडवलं, त्याच मुलुखातून हा रस्ता जातो. मराठी माणसं खिडकीतून बघत पुढे निघून जातात याचं मला फार वाईट वाटतं.

ओरछ्याला एक नको, दोन मुक्काम करा. राम तिथे राजा आहे, आरतीच्या वेळी पोलीस सलामी देतात. राणी गणेशकुंवरीने मूर्ती अयोध्येहून आणली, देऊळ पुरं होईपर्यंत राजवाड्यात ठेवली आणि मग ती तिथून हललीच नाही. म्हणून देऊळ महालासारखं दिसतं, आणि तिच्यासाठी बांधलेलं चतुर्भुज मंदिर शेजारी उभं आहे. संध्याकाळी बेतवेच्या काठी राजांच्या छत्र्यांपाशी, म्हणजे स्मारकांपाशी बसा. वरच्या कोनाड्यांत लांब चोचीच्या गिधाडांची घरटी असतात. जंगल आणि इतिहास एकाच दगडावर बघायचा असेल तर ही जागा. परतीच्या दिवशी झाशीत वेळ मिळाला तर लक्ष्मी तळ्याजवळ गंगाधररावांची छत्री आहे. राणीने बांधून घेतलेली. गर्दी नसते.

धागाकर्ती:

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवले. टी-३ची गोष्ट त्यांनी दोनदा वाचायला लावली. "पत्ता बरोबर ठाऊक होता त्याला," म्हणाले.

बांधवगड गाळलं, पन्नाची एक सकाळ धरली. ओरछ्याला दोन मुक्काम, धुबेला नक्की. तारखा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापासून, कान्ह्यातून बुधवार वगळून.

गोंदियाकर, तुमचा रस्ता सोपा आहे हे कळतंय, पण आम्ही जबलपूरवरूनच जाणार. महानगरी सकाळी भुसावळला असते आणि दुपारनंतर जबलपूरला पोचते. त्या मार्गावर बाबांनी आयुष्यभर रात्रीचा प्रवास केला, तोही आतल्या दिव्यात मान खाली घालून. पिपरिया आणि नरसिंहपूर त्यांना एकदा उजेडात, खिडकीशी बसून दाखवायचंय. जबलपूरहून खटिया चार तास, वाटेत मंडल्याला थांबू. टपाल कार्यालयासमोर चहा प्यायचा, असं त्यांचं आधीच ठरलंय. त्यामुळे राहणार खटियाच्या बाजूला, आणि तीनही फेऱ्या कान्हा झोनच्या मिळतात का बघते. एखादी मुक्कीची मिळाली तर सौंफच्या मैदानासाठी घेईन.

बारशिंग्याचं तिकीट बाबांनी अल्बममधून काढून प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलंय. हरवेल, परत लावा म्हटलं, तर म्हणाले, "असू दे, तिथे शिंगांची टोकं मोजून ताडून बघायची आहेत."

आता एकच राहिलं. खटिया किंवा जवळच्या मोचा गावाच्या आसपास तळमजल्यावरची, पायऱ्या नसलेली, कमोड आणि चोवीस तास गरम पाणी असलेली साधी खोली कुणी हल्ली पाहिली आहे का? एमपी टुरिझमच्या बाघिरा लॉग हट्सबद्दल ऐकलंय, पण तिथे आत शिरायला पायऱ्या किती आहेत, हे प्रत्यक्ष राहून आलेल्या कुणीतरी सांगा.